खातं आहे, पण चालतं का?

या महिन्याच्या टपालातून चार पत्रं घेतली आहेत. पहिल्याला जागा जास्त लागली. ते आल्यापासून दोन रात्री मी बँकेच्या नोकरीतल्या जुन्या डायऱ्या काढून बसले होते, त्यामुळे थोडक्यात आटपणं जमलं नाही.

प्रश्न : ताई, मी एम.ए. अर्थशास्त्राच्या पहिल्या वर्षाला आहे. सरांनी वर्गात एक आलेख दाखवला. आडव्या रेषेवर कुठल्या देशात किती टक्के लोकांचं बँकेत खातं आहे ते, उभ्या रेषेवर त्या देशाचा मानव विकास निर्देशांक. ठिपके डावीकडून उजवीकडं चढत गेलेले. सर म्हणाले, बँकसेवा वाढली की मानव विकास वाढतो. माझी आई बावीस वर्षं विड्या वळते. तिचं जनधन खातं २०१५ पासून आहे. पासबुकात दोनच प्रकारच्या नोंदी दिसतात : लाडक्या बहिणीचे १,५०० आले, १,५०० काढले. काढायला कार्ड घेऊन वडील जातात. या खात्यानं आईचा कुठला विकास झाला? वर्गात विचारायचं धाडस झालं नाही, म्हणून तुम्हाला विचारते.
— एक विद्यार्थिनी, विडी घरकुल, सोलापूर

उत्तर : पोरी, हा प्रश्न वर्गातच विचारायला हवा होतास. पुढच्या तासाला विचार. सरांचा आलेख खोटा नाही, आणि आईच्या पासबुकात तुला जे दिसतंय तेही खोटं नाही.

आधी आलेख नीट बघू. खात्यांचे आकडे जागतिक बँकेच्या फिनडेक्स पाहणीतले असणार. २०११ पासून दर तीन-चार वर्षांनी ही पाहणी होते. पंधरा वर्षांवरच्या माणसांना विचारतात, तुमचं बँकेत किंवा मोबाइलवरच्या पैशाचं खातं आहे का? २०११ साली जगातले ५१ टक्के लोक हो म्हणाले, २०२१ साली ७६ टक्के. मानव विकास निर्देशांक संयुक्त राष्ट्रांचा. पाकिस्तानचे अर्थतज्ज्ञ महबूब उल हक यांनी अमर्त्य सेन यांची साथ घेऊन तो उभा केला आणि १९९० साली पहिला अहवाल निघाला. माणूस किती जगतो, किती शिकतो आणि त्याचं उत्पन्न किती, या तिन्हींचा मिळून शून्य ते एक यांमधला एक आकडा.

आता आलेखाची टोकं बघ. दक्षिण सुदानमध्ये २०२१ साली शंभरातल्या सहा जणांचं खातं होतं आणि निर्देशांकातही तो देश अगदी तळाशी. नॉर्वे, आइसलँडमध्ये जवळजवळ प्रत्येक प्रौढाचं खातं आणि निर्देशांकात ते सगळ्यात वर. ही दोन टोकं जोडली की रेघ चढती दिसणारच. शिवाय उत्पन्न हा त्या निर्देशांकाचाच एक भाग आहे. ज्या देशाच्या हातात पैसा आहे तिथं बँकाही असतात, शाळाही असतात, दवाखानेही असतात. मंदिरा सरमा आणि जेसिम पाइस या आपल्याच देशातल्या अभ्यासकांनी २०११ साली हेच तपासलं. बँकसेवा आणि मानव विकास बहुतेक देशांत जोडीनं चालतात, असं त्यांना आढळलं. पण त्या जोडीमागं उत्पन्न, साक्षरता, विषमता, रस्ते आणि फोन हे सगळे उभे आहेत, हेही त्यांनी दाखवलं.

टोकं सोडून मधले ठिपके बघितलेस तर रेघ विस्कटते. २०१७ च्या पाहणीत मेक्सिकोत ३७ टक्केच प्रौढांचं खातं होतं. भारतात ८० टक्के. खात्यांत आपण दुपटीनं पुढं. निर्देशांक मात्र मेक्सिकोचा ०.७७ च्या आसपास आणि आपला ०.६४ च्या आसपास. तिथली माणसं सरासरीनं आपल्यापेक्षा जास्त जगतात, जास्त वर्षं शिकतात, आणि त्यासाठी त्यांना पासबुक लागलं नाही. केनिया घे. २०२१ साली तिथं ७९ टक्के खाती, आपल्याकडं ७८. खात्यांत बरोबरी, निर्देशांकात केनिया आपल्याखाली.

आणि आपला स्वतःचा ठिपका तर सगळ्यात बोलका. २०११ साली भारतात ३५ टक्के प्रौढांचं खातं होतं. २८ ऑगस्ट २०१४ ला जनधन योजना सुरू झाली आणि २०१७ पर्यंत आकडा ८० वर गेला. सहा वर्षांत ठिपका उजवीकडं एवढी मोठी उडी मारून गेला, वर मात्र थोडासाच सरकला. का, ते त्याच पाहणीत आहे : २०१७ साली भारतातल्या खातेदारांपैकी ४८ टक्के लोकांनी वर्षभरात एकदाही ना पैसे भरले होते, ना काढले होते. खातं होतं, पण पेटीत. २०२१ साली असे ३५ टक्के उरले.

म्हणजे बँकेचा काही उपयोगच नाही, असं मी म्हणणार नाही. चौतीस वर्षं मी काउंटरवर काढली आहेत. मी १९८१ साली लागले. दोन वर्षांनी अक्कलकोट तालुक्यातल्या एका गावात आमच्या बँकेची नवी शाखा उघडली, तिथं मला टाकलं. पत्र्याची शेड, एक कपाट आणि एक साहेब. इतक्या आडगावाला शाखा का, असं मला वाटायचं. कारण पुढं कळलं. १९७७ साली रिझर्व्ह बँकेनं नियम केला होता : जिथं आधीच बँक आहे अशा ठिकाणी एक शाखा हवी असेल, तर जिथं एकही बँक नाही अशा चार ठिकाणी शाखा काढा. हा नियम १९९० पर्यंत चालला. १९६९ च्या राष्ट्रीयीकरणापासून १९९० पर्यंत देशात सुमारे ३०,००० ठिकाणी अशी पहिली शाखा गेली. रॉबिन बर्जेस आणि रोहिणी पांडे यांनी २००५ साली हिशेब मांडला आणि या शाखांमुळं खेड्यातली गरिबी खरोखर कमी झाली, असं दाखवून दिलं. कर्जं बुडालीही पुष्कळ, तेही खरं आहे, ती वसुली मी स्वतः हिंडून केली आहे. पण त्या शेडमधून घेतलेल्या कर्जावर म्हैस आली आणि म्हशीच्या दुधावर पोरगं वसतिगृहात राहिलं, असं मी एकापेक्षा जास्त घरांत पाहिलं आहे.

मग फरक कशात पडतो? पुढं माझी बदली सोलापूर शहराच्या पूर्व भागात झाली. काउंटरवर निम्म्या बायका तेलुगू बोलणाऱ्या. 'संतकम रादु', सही येत नाही, हे मी शिकलेलं पहिलं तेलुगू वाक्य. त्यांतली विड्या वळणारी एक बाई दर शनिवारी आठवड्याचा पगार झाला की यायची आणि वीस रुपये भरायची. वीसच. कधी पंधरा. एकदा म्हणाली, "अक्का, पासबुक तुमच्याकडंच ठेवा. घरात दिसलं तर पैसे राहत नाहीत." गिऱ्हाइकाचं पासबुक ठेवून घ्यायला बँकेत परवानगी नसते, मी नाही म्हटलं. तिनं तिची जागा शोधली. रात्री भिजवलेली तेंदूची पानं ओल्या फडक्यात गुंडाळून ठेवतात ना, त्या गाठोड्याच्या तळाशी प्लॅस्टिकच्या दुधाच्या पिशवीत ते पासबुक असायचं. त्याच्या कडा पानाच्या रंगानं तपकिरी झाल्या होत्या आणि उघडलं की तंबाखूचा वास यायचा. दीड वर्षानं तिनं पहिल्यांदा पैसे काढले, मुलीचा दहावीचा फॉर्म भरायला. घरी ठरलं होतं की पोरगी आता आईबरोबर विड्या वळायला बसेल. पोरगी परीक्षेला बसली.

तुझ्या सरांना जी जोडणी दाखवायची आहे, ती या बाईच्या पासबुकात आहे. पैसा तिचा, भरला तिनं, काढायची वेळ तिनं ठरवली, आणि तो शाळेत गेला. पश्चिम केनियात पास्कलिन दुपा आणि जोनाथन रॉबिन्सन यांनी बाजारात बसणाऱ्या बायकांना खाती काढून दिली. त्यांच्या अभ्यासाचं लेखन २०१३ साली आलं. त्या खात्यावर व्याज नव्हतं, उलट पैसे काढायला शुल्क पडायचं. तरीही पुष्कळ बायकांनी ते वापरलं आणि त्यांची धंद्यातली गुंतवणूक वाढली. व्याज नसताना कोण पैसे ठेवतं, असं शहाण्या माणसाला वाटेल. आमच्या त्या बाईला वाटलं नसतं. घरातला पैसा मागणाऱ्याचा असतो, हे तिला ठाऊक होतं.

दुसरी बाजूही सांगते, नाहीतर मीही अर्धाच आलेख दाखवल्यासारखं होईल. युगांडा, मलावी आणि चिली या तीन देशांत लोकांना अशीच फुकट खाती दिली. २०१८ साली निकाल आला. दोन वर्षांत किमान पाच वेळा पैसे भरणारे निघाले अनुक्रमे १७, १० आणि ३ टक्के. आणि राहणीमानात फरक काही दिसला नाही. ज्याच्याकडं भरायला पैसाच उरत नाही आणि शाखा लांब आहे, त्याला नुसतं खातं देऊन काय होणार?

आता तुझी आई. मध्य प्रदेशात रोजगार हमीवर जाणाऱ्या बायकांची मजुरी आधी घरच्या पुरुषाच्या खात्यात जायची. काही गावांत ती बायकांच्या स्वतःच्या खात्यात जमा केली आणि खातं कसं चालवायचं ते शिकवलं. २०२१ साली तो अभ्यास छापून आला. ज्यांना दोन्ही मिळालं, खातं आणि शिकवणी, त्या बायका कामावर जास्त जाऊ लागल्या. तुझ्या आईला खातं मिळालंय, शिकवणी राहिली आहे. ती तू दे. वडिलांशी भांडण काढू नकोस. आईला एकदा शाखेत घेऊन जा, पासबुक भरून घे आणि प्रत्येक ओळ तिला वाचून दाखव. मे महिन्याच्या शेवटी २० रुपये आणि ४३६ रुपये कापल्याची नोंद आहे का बघ. २० रुपयांत वर्षभराचा दोन लाखांचा अपघात विमा, ४३६ मध्ये दोन लाखांचा आयुर्विमा. दुसरा घ्यायचा तर पन्नाशीच्या आत. खात्यात शिल्लक नसेल तर हप्ता कापला जात नाही आणि विमा तिथंच संपतो. आलेले सगळे पैसे दुसऱ्याच दिवशी काढले की हेच होतं. आईची इच्छा असेल तर पोस्टात महिन्याला १०० रुपयांची आवर्ती ठेव तिच्या नावानं काढ. आणि कार्डाचा पिन बदलायचा की नाही, हे तिला ठरवू दे. तो निर्णय तू घेतलास तर पुन्हा तेच झालं.

प्रश्न : वडील यंत्रमागाच्या कारखान्यातून निवृत्त झाले. हातात साडेसात लाख आले आहेत. ओळखीची एक पतसंस्था बँकेपेक्षा दोन टक्के जास्त व्याज देते. सगळे तिथं ठेवावेत का?
— अक्कलकोट रोड

उत्तर : नाही. बँकेतल्या ठेवीला, मग ती सरकारी असो, खासगी असो की नागरी सहकारी, ठेव विमा महामंडळाचं संरक्षण आहे. ४ फेब्रुवारी २०२० पासून एका माणसाला एका बँकेत मुद्दल आणि व्याज धरून पाच लाखांपर्यंत. पतसंस्थेच्या ठेवीला हा विमा नाही. पाटीवर 'सहकारी' असं दोन्हीकडं लिहिलेलं असतं आणि तिथंच माणूस फसतो. रक्कम दोन बँकांत विभागून ठेवा. बुडालेल्या संस्थेच्या दारात रांगेत उभी असलेली म्हातारी माणसं मी पाहिली आहेत. दोन टक्क्यांसाठी वडिलांना त्या रांगेत उभं करू नका.

प्रश्न : सासूबाई ६१ वर्षांच्या आहेत. जन्मभर विड्या वळून बोटं गुळगुळीत झाली आहेत. गल्लीतल्या बँक मित्राच्या मशिनवर अंगठा लागत नाही. मागच्या महिन्यात तीनदा लावला. तिसऱ्या वेळी १,००० रुपये कापल्याचा मेसेज आला, पण हातात काही मिळालं नाही. तो म्हणतो, 'येतील परत'. तीन आठवडे झाले.
— एक सून, दत्त नगर, सोलापूर

उत्तर : सासूबाईंच्या हातांबद्दल मला काही सांगायला नको. ओलं पान पत्र्याच्या मापावर ठेवून कातरीनं कापायचं, तंबाखू भरून वळायचं, तोंड दुमडायचं, दोरा बांधायचा. रोज शेकड्यांनी, कधी हजारानं. चाळीस वर्षांनी बोटावर रेषा राहणार कुठून? मशिनला ते कळत नाही, पण मशिनवाल्याला कळायला हवं.

पैशाचं आधी. खात्यातून रक्कम गेली आणि हातात आली नाही, तर व्यवहाराच्या दिवसानंतर पाच दिवसांच्या आत ती परत जमा झाली पाहिजे. पुढं उशीर होईल तितके दिवस रोज १०० रुपये भरपाई द्यावी लागते. रिझर्व्ह बँकेचा हा नियम सप्टेंबर २०१९ चा आहे. उद्याच पासबुक आणि तो मेसेज घेऊन मूळ शाखेत जा, तक्रार लेखी द्या आणि दुसऱ्या प्रतीवर शिक्का घ्या. तोंडी बोलून येऊ नका. महिनाभरात उत्तर आलं नाही किंवा पटलं नाही, तर रिझर्व्ह बँकेच्या लोकपालाकडं जाता येतं. त्यांचा फोन १४४४८, मराठीत बोलतात, पैसे लागत नाहीत.

पुढच्यासाठी : अंगठाच लागतो असं नाही, दहाही बोटं आधारला नोंदलेली असतात. करंगळी किंवा अनामिका बहुधा कमी झिजलेली असते, ती लावून पाहा. आधार केंद्रावर बोटांचे ठसे नव्यानं घेता येतात. आणि मशिनवाचून पैसे मिळतच नाहीत, असं कुणी सांगितलं तर ऐकू नका. शाखेत पैसे काढायच्या स्लिपवर साक्षीदारासमोर शाईचा अंगठा उमटवून पैसे काढता येतात. मी हजारो बायकांना असे दिले आहेत. रुपे कार्ड मिळालं नसेल तर मागून घ्या.

एक सावधगिरी. 'लागला नाही, पुन्हा लावा' असं म्हणाला की प्रत्येक वेळी फोनवर मेसेज आला का ते तिथंच उभं राहून बघा, आणि पावती मागा. सगळे बँक मित्र वाईट नसतात. बऱ्याच गल्ल्यांत म्हाताऱ्या माणसांना बँक दिसते ती त्यांच्याचमुळं. पण ज्या बाईला वाचता येत नाही तिचा अंगठा दोनदा घेणारेही मी पाहिले आहेत.

प्रश्न : आपण नेहमी सावकाराविरुद्ध लिहिता. मी ७४ वर्षांचा आहे, मागावर आयुष्य गेलं. माझ्या बायकोला रात्री एक वाजता सिव्हिलला नेलं तेव्हा बँक बंद होती आणि सावकार उघडा होता. त्यानं कागद मागितला नाही. त्याला शिव्या द्यायचं मला जमत नाही.
— साखर पेठ, सोलापूर

उत्तर : काका, तुमचं पत्र मी तीनदा वाचलं. शिव्या देऊ नका. त्या रात्री तो होता आणि आम्ही नव्हतो, हे मी मान्य करते.

पण त्याचा हिशेब आपल्या जिल्ह्याला फार जुना आहे. १८७५ साली पुणे आणि नगर भागातल्या शेतकऱ्यांनी सावकारांच्या दारात जाऊन कर्जाचे कागद जाळले. सरकारला १८७९ साली शेतकऱ्यांच्या संरक्षणाचा कायदा करावा लागला आणि तो ज्या चार जिल्ह्यांना लावला त्यात पुणे, सातारा आणि नगरबरोबर सोलापूरही होतं. पाऊण शतकानं, १९५१-५२ साली रिझर्व्ह बँकेनं देशभर पाहणी केली. शेतकऱ्यानं घेतलेल्या शंभर रुपयांतले सत्तरच्या आसपास सावकाराचे होते, सहकारी संस्थांचे तीन आणि बँकांचा एक रुपयासुद्धा नाही. तुम्ही मागावर बसलात तेव्हाचा काळ याच्या फार पुढचा नव्हता. तुम्हाला दुसरं दार माहीत असणार तरी कसं?

केनियात २००७ साली एम-पेसा सुरू झालं, साध्या फोनवरून पैसे पाठवायची सोय. बँकेचं दार नाही, कोपऱ्यावरचा दुकानदार हाच एजंट. विल्यम जॅक आणि तवनीत सुरी यांनी तिथल्या घरांचा काही वर्षं मागोवा घेतला. घरात आजारपण किंवा दुसरं संकट आलं की ज्यांच्याकडं ही सोय नव्हती त्यांचा घरखर्च सुमारे सात टक्क्यांनी घसरायचा, म्हणजे ताटातलं कमी व्हायचं. ज्यांच्याकडं होती त्यांचा घसरला नाही. लांबच्या भावानं, मामानं फोनवरून पैसे धाडलेले असायचे. २०१६ साली त्यांनी मांडलं की या सोयीमुळं सुमारे १,९४,००० कुटुंबं, म्हणजे केनियातली दोन टक्के, गरिबीच्या रेषेच्या वर आली. तुमच्या त्या रात्री पुण्यातल्या पुतण्याला फोनवरून पैसे टाकता आले असते, तर सावकाराचं दार वाजवावं लागलं असतं का?

आज ती सोय आपल्याकडं आहे. जनधन खातं सहा महिने नीट चालवलं असेल तर १०,००० रुपयांपर्यंत ओव्हरड्राफ्टही, म्हणजे शिलकीपेक्षा जास्त उचल, मागता येतो. बंद पडलेल्या खात्यावर तो मिळत नाही. परवाना नसलेली सावकारी २०१४ च्या राज्याच्या कायद्यानं गुन्हा आहे. कुणी घर किंवा माग लिहून घेतला असेल तर तक्रार जिल्हा उपनिबंधक, सहकारी संस्था यांच्याकडं जाते.

आणि काका, एक गोष्ट मी आजवर लिहिली नव्हती. १९९४ च्या पावसाळ्यात एक बाई दुपारी दोनला पाच मिनिटं असताना काउंटरवर आली. पाचशे रुपये काढायचे होते, मूल दवाखान्यात होतं. नव्यानं सही शिकलेली, हात कापत होता, सही नमुन्याशी जुळेना. मी स्लिप परत दिली आणि म्हटलं, उद्या ओळखीच्या माणसाला घेऊन या. नियमानं माझं बरोबर होतं. तिच्याच खात्यात तिचेच सातशे रुपये होते. आत साहेब बसले होते, उठून त्यांना विचारलं असतं तर त्यांनी तिच्या अंगठ्यावर पैसे दिले असते. मी उठले नाही. संध्याकाळी तिनं शेकडा दहानं पाचशे घेतले. महिन्याला पन्नास व्याज, दहा महिन्यांत मुद्दलाएवढं, आणि मुद्दल तसंच. हे तिनं मला पुढच्या वर्षी सांगितलं, खातं बंद करायला आली तेव्हा. रागानं बोलली नाही.

निवृत्तीनंतर मी दर शनिवारी सकाळी दहा ते एक कन्ना चौकाजवळच्या एका वाचनालयाच्या ओट्यावर बसते. स्लिपा, तक्रारअर्ज, केवायसीचे कागद भरून देते. पैसे घेत नाही. तुमच्या घरात कुणाचं खातं बंद पडलं असेल, तर घेऊन या. दोन वर्षं व्यवहार झाला नाही की ते निष्क्रिय होतं, पुन्हा चालू करायला आधार आणि फोटो पुरतो, आणि बँकेला त्यासाठी शुल्क घेता येत नाही. तुमचंही पासबुक आणा, काका. जुनं असलं तरी चालेल.